हुगळीच्या काठाला सायकलची वाट हवी

कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या गोदीत जहाज घ्यायचे असते तेव्हा गार्डन रीचकडे जाणारा पूल वर उचलला जातो. कंटेनर वाहणारे लांबलचक ट्रेलर, मिनीबस, ऑटोरिक्षा, सगळे जागच्या जागी थांबतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून वाट काढत सायकली पुढे येऊन उभ्या राहतात. कुणाच्या हँडलला जेवणाचा डबा, कुणाच्या कॅरिअरवर मटियाबुरुजच्या शिलाई कारखान्यांतले कापडाचे गाठोडे, कुणाच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या बरण्या. एका जहाजासाठी अख्खा रस्ता थांबतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण बंदरावर या भागाचे पोट आहे. पण त्याच शहरात अनेक मोठ्या रस्त्यांवर सायकलने जाणे हा गुन्हा आहे. खिदिरपूरपासून बंडेलपर्यंत हुगळी नदीच्या काठावर वास्तूंची जी रांग उभी आहे, तिला तोड देणारे नदीकाठ जगात थोडे असतील. ती रांग जपण्यासाठी आजवर बैठका झाल्या, निवडक इमारतींची डागडुजी झाली, काठाचे काही तुकडे सुशोभित झाले. माझे म्हणणे असे की या काठाला सर्वात आधी सायकलची एक साधी, सलग वाट हवी, आणि ती आज ज्याच्याकडे सायकल आहे त्याला नजरेसमोर ठेवून आखायला हवी. बाकीचे काम त्या वाटेच्या मागून आपोआप सोपे होत जाईल.

तुलनेला फ्रान्समधल्या लुआर नदीचे खोरे घेतो. स्यूलीपासून शालॉनपर्यंतचा या खोऱ्याचा सुमारे २८० किलोमीटरचा पट्टा २०००मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. शाँबोर, ब्लुआ, आंब्वाज, सोम्यूर ही त्यातली नावे प्रवासवर्णने वाचणाऱ्यांना माहीत असतात. शाँबोरचा पाया पहिल्या फ्रान्स्वाने १५१९मध्ये घातला, आणि त्याच वर्षी काही कोसांवर आंब्वाजला लिओनार्दो दा विंची वारला. म्हणजे हे राजवाडे आणि गढ्या पाचशे वर्षे तिथे होत्याच. नवीन काय झाले, तर १९९५च्या सुमारास तिथल्या दोन प्रादेशिक सरकारांनी नदीकाठाने सायकलचा मार्ग आखायला घेतला. आज हा मार्ग साधारण ९०० किलोमीटरचा असून अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोपीय सायकलमार्गाचा तो भाग आहे. तो बांधताना डोळे दिपवणारे काही केले नाही. पुरापासून शेते वाचवण्यासाठी लोकांनी शतकानुशतके घातलेले बांध होतेच, त्यांच्या माथ्यावरून वाट नेली. कुठे डांबर, कुठे नुसता दाबलेला मुरूम, कुठे द्राक्षमळ्यांमधली बैलगाडीच्या चाकोरीसारखी पांद. अशा खडबडीत वाटांसाठी हल्ली जी ग्रॅव्हल सायकल निघाली आहे तिचे टायर रुंद असतात, त्यात हवा थोडी कमी ठेवतात, आणि खडीवरूनही ती न घसरता जाते. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत ज्या खानावळी आणि लॉज सायकल ठेवायला बंद जागा आणि दुरुस्तीची हत्यारे देतात, त्यांना एक ठरावीक पाटी मिळते. उन्हाळ्यात नदीलगतच्या रेल्वेगाड्यांत सायकलींसाठी डबा राखून ठेवतात. एवढेच. राजवाड्यांची कीर्ती जुनी होती, पण एका राजवाड्यापासून दुसऱ्यापर्यंत स्वतःच्या पायांच्या बळावर जाण्याची सोय नवी होती, आणि त्या सोयीमुळे मधल्या लहान गावांच्या पाववाल्यांना आणि वाइन करणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळाले. मोटारीने शाँबोरला जाऊन परत येणारा माणूस त्या गावांत उतरत नाही.

आता हुगळी. सुरुवात खिदिरपूरपासूनच करायची, कारण कोलकात्याच्या वारशाची चर्चा बहुधा डलहौसी चौकात सुरू होऊन पार्क स्ट्रीटला संपते आणि या गोदीच्या वस्तीकडे कोणी वळत नाही. इथे भूकैलासचा राजवाडा आहे, घोषाल घराण्याचा, आणि त्याच्या आवारात शिवगंगा नावाच्या तळ्याकाठी अठराव्या शतकातली दोन शिवमंदिरे. त्यांतली शिवलिंगे पुरुषभर उंचीपेक्षा मोठी आहेत. याच घराण्याच्या जयनारायण घोषालांनी काशीला शाळा काढली. मायकेल मधुसूदन दत्तांचे बालपण-तारुण्य खिदिरपुरात गेले. रंगलाल आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय हे आणखी दोन कवी याच भागातले, म्हणून बंगाली माणूस या जागेला कवितीर्थ म्हणतो. शेजारून आदिगंगा वाहते. गंगेचा जुना प्रवाह म्हणून तिला पवित्र मानतात. कर्नल विल्यम टॉली यांनी १७७५ ते १७७७ या काळात ती खोदून मोठी केली, आज मात्र ती काळी आणि संथ झाली आहे. गोदी १८९२ची. पुढे दक्षिण-पश्चिमेला गार्डन रीच, तिथला सुरिनाम घाट, आणि मग मटियाबुरुज. हे नाव मराठी कानाला लगेच उमगावे. माती आणि बुरूज. मातीचा एक बुरूज नदीवर पहारा देत होता, त्याचा मागमूस राहिला नाही, नाव राहिले. १८५६मध्ये अवधचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि नवाब वाजिद अली शाह इथे येऊन राहिला. १८५७चे बंड पेटले तेव्हा त्याला फोर्ट विल्यममध्ये कैदेत ठेवले. सुटल्यावर त्याने नदीकाठी लखनौची एक लहान प्रतिमा उभी केली. वाडे, इमामवाडा, प्राणिसंग्रह, गवई, नर्तक, आचारी, शिंपी सगळे आले. १८८७मध्ये तो वारला आणि इंग्रज सरकारने त्याचा पसारा मोडून टाकला. सिब्तैनाबाद इमामवाडा उरला, त्यात त्याची कबर आहे. आणि शिलाईचे काम उरले, ज्यावर आज मटियाबुरुजची हजारो घरे चालतात. नवाबाच्या पदरच्या कारागिरांची ही परंपरा पुढे तयार कपड्यांच्या बाजारात मिसळून गेली. पुलापाशी थांबलेल्या त्या सायकलवरचे गाठोडे म्हणजे एका बुडालेल्या दरबाराचे चालू राहिलेले काम आहे.

उलट्या दिशेला, शहर ओलांडून वर गेले की एकामागून एक गावे लागतात. पश्चिम काठावर बेलूर मठ, बाली, उत्तरपाडा, आणि तिथले जयकृष्ण मुखर्जींनी १८५९मध्ये उघडलेले सार्वजनिक ग्रंथालय. पुढे रिशडा, जिथे १८५५मध्ये हिंदुस्थानातली पहिली तागाची गिरणी निघाली. आणि मग श्रीरामपूर. मराठी वाचकाने या नावापाशी थांबायला हवे. हे गाव १७५५ ते १८४५ डेन्मार्कच्या ताब्यात होते. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या हद्दीत मिशनऱ्यांना येऊ देत नव्हती, म्हणून विल्यम कॅरे १८००मध्ये डॅनिश झेंड्याखाली या गावात आला आणि त्याने छापखाना घातला. त्या छापखान्यातून १८०५मध्ये मराठीचे व्याकरण बाहेर पडले आणि १८१०मध्ये मोडी अक्षरांतला मराठीचा कोश. कॅरेला मराठीत मदत करणारे पंडित वैजनाथ शर्मा होते. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता आणि मराठी मुद्रणाचा मोठा प्रवाह मुंबईत सुरू व्हायला अजून अवकाश होता. म्हणजे आपली भाषा शिशाच्या खिळ्यांत ओतली गेली ती हुगळीच्या काठी. त्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी, १७४२मध्ये, याच प्रदेशात मराठे वेगळ्या रूपाने आले होते. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने कोलकात्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही, पण बागबाजारातल्या एका गल्लीला आजही मराठा डिच लेन म्हणतात. बर्गींची, म्हणजे या मराठा स्वारांची, दहशत बंगाली अंगाईगीतांत उतरली, आणि हे लपवण्यात काही अर्थ नाही. एकाच नदीवर आपण लूट करणारेही होतो आणि आपले व्याकरणही इथेच छापले गेले. या दोन्ही गोष्टी एका दिवसात, एका वाटेवर पाहता येणे हे मराठी प्रवाशासाठी मोठे मोल आहे.

श्रीरामपूरच्या पुढे चंदननगर, जे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९५०पर्यंत फ्रेंचांकडे होते. म्हणजे लुआरच्या देशाचाच एक तुकडा हुगळीवर होता. तिथल्या लोकांनी १९४९मध्ये मतदान करून भारतात येण्याचा कौल दिला. अरविंद घोष १९१०मध्ये पाँडिचेरीला जाण्यापूर्वी इथे लपून राहिले होते, रासबिहारी बोस इथेच वाढले. नदीकाठचा रुंद स्ट्रँड, झाडांची सावली, दुर्गाचरण रक्षित यांच्या नावाचा खांबांचा घाट, फ्रेंच गव्हर्नर दुप्लेच्या घरातले संग्रहालय. मग १८२५पर्यंत डचांचे असलेले चुंचुडा आणि तिथले डच कब्रस्तान. मग हाजी मुहम्मद मोहसिन यांच्या दानातून १८४१ ते १८६१ या काळात बांधलेला हुगळीचा भव्य इमामवाडा. आणि बंडेलचे चर्च, मूळ १५९९चे, पोर्तुगिजांचे. १६३२मध्ये शाहजहानच्या फौजेने पोर्तुगिजांना हुसकावले, १६६०मध्ये चर्च पुन्हा उभे राहिले. हावड्याहून बंडेल रेल्वेने ४० किलोमीटर आणि श्रीरामपूरहून तर जेमतेम वीस. वीस किलोमीटरांत डेन्मार्क, फ्रान्स, हॉलंड, पोर्तुगाल आणि बंगालचे नवाबी वैभव. सायकलने हे अंतर सावकाश, थांबत थांबत एका सकाळीत होते.

एक फरक मात्र स्पष्ट मांडला पाहिजे, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. लुआरवर गढ्या राहिल्या, हुगळीवर गढ्या गेल्या. चंदननगरचा फोर्ट द ओर्लेआँ इंग्रजांनी १७५७मध्ये पाडला. चुंचुड्याचा डच किल्ला उरला नाही. मटियाबुरुजचा बुरूज मातीत मिळाला. फोर्ट विल्यम आहे, पण तो लष्कराकडे आहे. मग राहिले काय, तर घाट. कोणी सावकाराने वडिलांच्या नावे बांधलेला, कोणी विधवा जमीनदारिणीने पुण्यासाठी, कोणी गिरणीमालकाने माल उतरवण्यासाठी. किल्ला बाहेरच्याला अडवण्यासाठी बांधतात, घाट येणाऱ्याला पाण्यापर्यंत नेण्यासाठी. त्याला दार नसते. वाईच्या किंवा नरसोबाच्या वाडीच्या पायऱ्या पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. दोन किल्ल्यांमधला माणूस रस्त्याने जातो, दोन घाटांमधला माणूस काठाने. आणि हुगळीचे घाट एकमेकांपासून साधारण एक ते तीन किलोमीटरवर आहेत. बंगालच्या दमट उन्हात पायी जायला हे अंतर फार, मोटारीसाठी अगदीच थोडे. शिवाय मोटारीला घाटापर्यंत पोचताच येत नाही. ग्रँड ट्रंक रोड गर्दीने भरलेला, त्यातून नदीकडे जाणाऱ्या गल्ल्या हातभर रुंद, मोटार उभी करायला जागा नाही. लोकल गाडी गावांच्या पाठीमागून जाते. नदीपर्यंत पोचायला, एक घाट पाहून पुढच्याकडे सरकायला सायकलच मापाची आहे. हे मी आवड म्हणून सांगत नाही. या काठाची रचनाच तशी झाली आहे.

श्रीरामपूरने काय करता येते हे एका अर्थी दाखवून दिले आहे. तिथले सेंट ओलाव्ह चर्च, १८०६चे, पडायला आले होते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने आणि इथल्या वारसा संस्थांनी मिळून ते दुरुस्त केले आणि २०१६मध्ये युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक पारितोषिक त्याला मिळाले. डेन्मार्क टॅव्हर्न ही जुनी खानावळ २०१८मध्ये पुन्हा उघडली. काम उत्तम झाले आहे. पण दुरुस्त झालेली एकटी इमारत ही नकाशावरची एक टाचणी असते. तिथे रविवारी मोटारी येतात, छायाचित्रे निघतात आणि मोटारी परत जातात. शंभर पावलांवरच्या पडक्या घाटाला, शेजारच्या मिठाईवाल्याला, पलीकडच्या बंद पडलेल्या गिरणीच्या चाळीला त्यातून काही मिळत नाही. टाचण्या जोडणारा दोरा नसेल तर प्रत्येक इमारतीसाठी नव्याने पैसे, नव्याने परदेशी मदत शोधत बसावे लागते. रोज डोळ्यासमोर असलेली वास्तू पडू लागली की ओरड होते, आणि रोज डोळ्यासमोर ती वाटेने जाणाऱ्यांच्याच असते.

आणि इथे कोलकात्याच्या धोरणातली विसंगती उघडी पडते. शहरातल्या पोलिसांनी २००८मध्ये ३८ रस्त्यांवर सायकलबंदी घातली. २०१३मध्ये ती यादी १७४ रस्त्यांपर्यंत गेली आणि टीका झाल्यावर ६२वर आली. त्याच राज्याचे सरकार २०१५पासून ‘सबुज साथी’ योजनेत नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सायकली वाटते आहे, आणि हा आकडा एक कोटीच्या पुढे गेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पश्चिम बंगालमधल्या सुमारे ७९ टक्के घरांत सायकल आढळली, जी देशात सर्वाधिक आहे. मुलीला सायकल द्यायची, ती शिकून शहरात कामाला आली की तिला सांगायचे की या रस्त्यावर सायकल चालणार नाही. यावर ठरलेले उत्तर असे की कोलकात्याच्या क्षेत्रफळापैकी जेमतेम सहा टक्के जागा रस्त्यांना आहे, सायकलींमुळे वाहतूक मंदावते. जागा कमी आहे हे खरे. पण जागा कमी असेल तर ती कमी जागा व्यापणाऱ्या वाहनाला आधी द्यावी, हा साधा हिशेब आहे. एका उभ्या मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली राहतात, आणि मोटारी दिवसातले बरेच तास नुसत्या उभ्याच असतात. नदीकाठच्या वाटेचा फायदा असा की ती या भांडणातून बाहेर काढता येते. ट्रेलरच्या रस्त्यावरून सायकलला हटवायचे असेल तर तिला दुसरी वाट देणे शासनाचे कर्तव्य आहे. बंदी घालून वाट न देणे हा कामावर जाणाऱ्या माणसावर अन्याय आहे.

बंदराची जमीन, सुरक्षा आणि गोदाम हा पुढचा आक्षेप, आणि तो खिदिरपुरात सर्वात जड आहे. गोदीच्या आतून वाट काढा असे कोणी म्हणणार नाही. पण बंदराने काठ सोडल्याचे दाखले आहेत. मिलेनियम पार्क बंदराच्या जमिनीवर झाले, आणि प्रिन्सेप घाट ते बाबूघाट हा सुमारे दोन किलोमीटरचा पट्टा २०१२मध्ये लोकांना फिरण्यासाठी खुला झाला. काठ मिळत नाही तिथे नदी ओलांडावी. मटियाबुरुजहून, बाबूघाटाहून, बराकपूर-श्रीरामपूरच्या मधून, वरच्या कितीतरी घाटांवरून लाँच आणि भुटभुटी, म्हणजे इंजिन लावलेल्या नावा, चालतात, आणि त्यांवर सायकली रोज चढतात. घाटाच्या हलत्या जेट्टीवरून सायकल उचलून घेणे, नळीवर हात ठेवून ती रेलिंगला टेकवणे, भरतीच्या पाण्यात लाँच कलली की मुठीने ब्रेक धरून ठेवणे, हे सगळे तिथल्या माणसाच्या अंगवळणी पडले आहे. समोरच्या काठावर शिवपूरचे वनस्पती उद्यान आहे, रॉबर्ट किड याने १७८७मध्ये वसवलेले, आणि त्यातला तो अवाढव्य वड. लुआरचा मार्गही सगळीकडे नदीला चिकटून नाही. कुठे तो पूल ओलांडतो, कुठे गावात शिरतो, कुठे टेकडीवर चढतो. सलग म्हणजे एकाच काठाने, असे मानले की काम होतच नाही.

काही मित्र विचारतात की गोऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि गव्हर्नरांच्या खुणांचा एवढा कौतुकसोहळा कशासाठी. प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर वाटच देते. इमारतींच्या यादीत बडी माणसे येतात, वाटेवर सगळेच लागतात. गार्डन रीचच्या काठावरून १८७३मध्ये ‘लल्ला रूख’ हे जहाज करारबद्ध मजूर घेऊन सुरिनामला निघाले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे २०१५मध्ये आई-वडील आणि गाठोडे असा एक साधा पुतळा उभा झाला. तागाच्या गिरण्यांच्या चिमण्या, कुलीलाइनी, बिहार-ओरिसातून आलेल्यांची वस्ती, घाटावरचे आखाडे, हे सगळे चर्च आणि संग्रहालयाच्या मधल्या दोन किलोमीटरांत आहे. मोटारीने येणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून त्याच्या मनात हुगळी म्हणजे चार युरोपीय इमारती उरतात. बराकपूर, जिथे मंगल पांडेने २९ मार्च १८५७ला बंदूक उचलली, ते श्रीरामपूरच्या अगदी समोर, लाँचने काही मिनिटांवर आहे. डॅनिश चर्च आणि मंगल पांडे एकाच तिकिटात जोडले जातात, हे इतिहास शिकवण्याचे सरळ साधन आहे.

सर्वात गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि त्याच्यापुढे मी स्वतः बराच विचार केला. सायकलमार्गाच्या नावाने काठ साफ केला जाईल आणि त्यावर जगणारे लोक हाकलले जातील. अहमदाबादला साबरमतीचा काठ घडवताना हजारो कुटुंबांना झोपड्या सोडाव्या लागल्या, हे आपण पाहिले आहे. ग्रॅव्हल सायकल तर लाख-लाख रुपयांना मिळते. तिच्यासाठी फरशी, दिवे, कुंपण, तिकीट असे सुरू झाले की धोबी, नावाडी, फुलवाले, पहाटे आंघोळीला येणारी म्हातारी माणसे, प्रतिमा विसर्जनाची गर्दी या सगळ्यांचा अडथळा वाटू लागतो. म्हणून ही वाट कशाची करायची हा प्रश्न मला इमारतींच्या यादीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात दगड नाही. म्हणून बंगालमध्ये रस्त्याची खडी विटा फोडून करतात, तिला खोया म्हणतात. घाटाजवळच्या वस्त्यांत आजही बाया हातोडीने विटा फोडताना दिसतात, लाल धूळ हातांवर, ओढणीवर बसलेली असते. उभ्या विटांच्या सोलिंगवर खोया पसरून रोलर फिरवला की जी वाट होते, ती पावसात चिखल होऊ देत नाही, पुन्हा डागडुजीला सोपी आहे, आणि तिच्यावर बारा वर्षांची जुनी काळी सायकलही जाते आणि रुंद टायरची महागडी सायकलही. लुआरच्या बांधावरचा दाबलेला मुरूम आणि हुगळीचा खोया यांचे काम एकच. दोन-अडीच मीटर रुंदी पुरे. तेवढ्यासाठी कोणाचे घर हलवावे लागत नाही, आणि जिथे लागेल तिथे वाट वळवावी. फरशी आणि फाटक असलेल्या सुशोभित पट्ट्यांना माझा विरोध आहे. ते फिरायला चांगले असतात, पण पहाटे पाच वाजता गोदीवर निघालेल्या माणसासाठी फाटक बंद असते.

ऊन-पावसाचा मुद्दा थोडक्यात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने हुगळीकाठी सायकल चालवायला सुखाचे आहेत, आणि उरलेल्या सात महिन्यांत जे रोज चालवतात त्यांना आपण कधी विचारलेले नाही.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध मुद्रणाच्या इतिहासापुरता नाही. जुलै २०२५मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. आनंदाची गोष्ट आहे. आता पायथ्याशी वाहनतळ, रस्ता रुंदीकरण, शौचालये यांची कामे निघतील, आणि त्यांतली बरीच गरजेचीही असतील. पण लोहगडाखालचे पवनेचे खोरे, राजगडाखालची गुंजवणी, रायगडाखालची काळ आणि गांधारी, या खोऱ्यांतून किल्ल्यापर्यंत जाणाऱ्या जुन्या वाटांचे काय, याची चर्चा फारशी ऐकू येत नाही. युनेस्कोने भूप्रदेश हा शब्द वापरला आहे. किल्ला म्हणजे नुसता तट नव्हे, खाली घोडी चरणारी कुरणे, धान्य देणारी गावे आणि त्यांना जोडणाऱ्या पांदी त्यात येतात. कृष्णेच्या काठी वाईपासून मेणवली तीन-चार किलोमीटर आहे. नाना फडणविसांचा वाडा, घाट, वसईच्या चर्चमधून आणलेली घंटा, आणि खाली माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, नरसोबाची वाडी अशी घाटांची माळ. शाळकरी मुलींना सायकली देण्याची सरकारी योजना महाराष्ट्रातही आहे. पुण्याने २०१७मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, आणि तिथले कितीतरी सायकल ट्रॅक आज दुचाकी उभ्या करायला आणि टपऱ्यांना वापरले जातात, कारण ते कुठून कुठे जायचे हे न ठरवता तुकड्यांत बांधले. सलग नसलेली वाट लोक वापरत नाहीत, आणि न वापरलेली जागा दुसरा कोणीतरी घेतोच.

खिदिरपुरात काम सुरू करायचे तर पहिल्या टप्प्याला मोठा निधी लागत नाही. घाटांना जोडणाऱ्या रस्त्यांवरची सायकलबंदी उठवणे हा एका आदेशाचा विषय आहे. लाँचवर सायकलचे वेगळे भाडे माफ करणे हा दुसऱ्या आदेशाचा. भूकैलास, सिब्तैनाबाद इमामवाडा, सुरिनाम घाट आणि पलीकडे वनस्पती उद्यान ही चार ठिकाणे जोडणारी वाट आखून, जिथे आज नुसता गाळ आणि राडारोडा आहे तेवढ्या भागात खोया टाकायचा. उत्तरेला श्रीरामपूर ते चंदननगर हा तेरा किलोमीटरचा भाग एकाच वेळी घ्यायचा, म्हणजे दोन्ही टोकांना वाट वाढवण्याची मागणी स्थानिक लोकच करू लागतील. आणि आखणी करताना नकाशा घेऊन बसणाऱ्यांनी मटियाबुरुजच्या शिंप्यांना, गोदीतल्या मजुरांना आणि सबुज साथीच्या सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलींना विचारावे की तुम्ही आत्ता कोणत्या गल्लीतून जाता, कुठे उतरून सायकल ढकलावी लागते, कुठे भीती वाटते. त्या मुलींची उत्तरे आधी घ्यावीत.